साठ मुलं, पस्तीस मिनिटं, एक नळ: चित्रकलेचा तास कसा बसवायचा

चित्रकलेचा तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली चित्र काढायला मुलाच्या वाट्याला किती येतात, हे एकदा घड्याळ लावून बघावं. आधीच्या तासाचा फळा पुसून, गणिताच्या वह्या दप्तरात जाऊन चित्रकलेची वही बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं. रंगाचा तास असेल तर पुढे नळावर रांग. एक मूल डबी भरायला फक्त १५ सेकंद घेतं असं धरलं, तरी ६० मुलांची १५ मिनिटं होतात. ढकलाढकली, सांडासांडी आणि ‘सर, ह्याने माझ्या शर्टावर उडवलं’ हे वेगळं. आवराआवरीची सात. उरली आठ. आठ मिनिटांत कोणाचंच चित्र होत नाही. मग ‘घरून पूर्ण करून आणा’ म्हणावं लागतं, आणि घरून येतं ते आईने नाहीतर ताईने काढलेलं चित्र.

नाशिक शहरातली अनुदानित शाळा असो, सिडको-सातपूरकडची मनपाची असो किंवा पेठ-सुरगाण्याकडची आश्रमशाळा, पट कमीजास्त होईल, हिशेब हाच राहतो. पाचवी ते दहावीच्या वर्गांत तास हुकतो तो शिकवण्यात कमी आणि सामानाच्या ने-आणीत जास्त. म्हणून सुरुवात पाण्यापासून.

पाणी डब्यापर्यंत न्यायचं, डबा पाण्यापर्यंत नाही

एका बाकावर दोन मुलं, म्हणजे ६० मुलांना ३० डबे पुरतात. बाटलीचे कापलेले बुंधे वापरू नयेत. ते हलके असतात, कोपर लागलं की कलंडतात आणि कापलेल्या कडेने बोट कापतं. अर्ध्या किलोचे श्रीखंडाचे डबे सगळ्यांत चांगले: बसके, रुंद, सहज न उलटणारे. जूनमध्ये मुलांना सांगितलं की पंधरा दिवसांत तीसच काय, पन्नास जमतात.

एका डब्यात साधारण १५० मिली पाणी, म्हणजे तीस डब्यांना साडेचार लिटर. पाणी एकदा बदलायचं धरलं तरी नऊ. १५ लिटरची एक बादली तास सुरू होण्याआधी भरून दारात ठेवली की काम झालं. डबे बाकावर आधीच मांडलेले असावेत. दोन मुलं बादलीतून मगाने पाणी घेऊन रांगेतून फिरतात आणि ओततात. दोन मिनिटं लागतात. त्याच दोन मिनिटांत फळ्यावरचं प्रात्यक्षिक उरकून घ्यावं. परतीच्या वेळी दुसरी, रिकामी बादली फिरते आणि सगळं घाण पाणी तिच्यात ओततात. नळाशी एकही मूल जात नाही.

जुन्या उताराच्या बाकांवर डबा घसरतो. खाली ओलं फडकं घातलं की जागचा हलत नाही. फडकं जुन्या बनियनचं घ्यावं. नायलॉनच्या साडीचा तुकडा पाणी पीत नाही, नुसतं पसरवतो. ब्रश धुतल्यावर फडक्याला टिपायचा ही सवय पहिल्या महिन्यात लागली नाही, तर वर्षभर रंगांच्या वड्यांत तळी साचलेली दिसतात.

घंटेच्या सहा मिनिटं आधी ‘टोपणं लावा’ म्हणायचं. क्रम ठरलेला हवा: आधी रंग बंद, मग ब्रश, मग डबा, सगळ्यांत शेवटी चित्र उचलायचं. मुलं नेमकं उलट करतात. ओलं चित्र आधी दप्तरात सारतात, मग त्यावर कंपास पेटी पडते.

एवढं बसलं की आठाची बावीस मिनिटं होतात.

कागद, पाट आणि श्रावण

कार्ट्रिज कागदाचा पूर्ण ताव २२ x ३० इंच. त्याचे चार केले की ११ x १५ इंचाचा, म्हणजे २८ x ३८ सेंटिमीटरचा पाव ताव मिळतो. साठ मुलांना पंधरा ताव. दुकानातल्या चित्रकलेच्या वहीचा कागद पेन्सिल आणि पेस्टलला चालतो, जलरंगाला नाही. पाणी लागलं की त्याच्या लाटा होतात आणि रंग त्या लाटांच्या खळग्यात जाऊन बसतो. दर महिन्याला एकच चित्र जलरंगात होणार असेल, तर तेवढ्यापुरता तरी जाड कागद आणावा.

खोडरबर जपून. ज्या जागी कागद घासला गेला, तिथले तंतू उभे राहतात आणि जलरंग तिथे गडद डाग धरतो. आकाशात ढगाऐवजी काळपट चट्टा का आला, हे मुलाला कळत नाही, कारण खोडलेलं त्याला दिसत नसतं. कच्ची रेषा हलक्या हाताने काढायची, एवढा एकच उपाय.

कागद लावायच्या पाटासाठी विकत पॅड आणायची गरज नाही. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम. पिंपळगाव-निफाडकडून पुठ्ठ्याची खोकी गावभर फिरत असतात. एकेका खोक्यातून ३२ x ४२ सेंटिमीटरचे तुकडे कापावेत आणि दोन-दोन तुकडे एकमेकांना चिकटवावेत, पण एकाच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे. दोन्हींच्या नळ्या एकाच दिशेला राहिल्या तर पाट त्याच रेषेत मोडतो. रात्रभर वजनाखाली ठेवावं, कडांना खाकी पट्टी लावावी, चार कोपऱ्यांना चार क्लिपा. कागद चारही बाजूंनी धरलेला असला की लाटा निम्म्याने कमी होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र काहीही केलं तरी वाळत नाही. मार्चमध्ये पाच मिनिटांत सुकणारा जलरंगाचा थर श्रावणात अर्धा तास ओला राहतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तर कागद कपाटातूनच दमट निघतो. मूल पहिला थर वाळायची वाट बघत नाही, दुसरा देतं, आणि पानाचा हिरवा फुलाच्या लालात उतरून तपकिरी चिखल होतो. हा दोष मुलाचा नाही, वार्षिक नियोजनाचा. पावसाळ्याचे तास पेन्सिल, तेलखडू, कागदकाम, अक्षरलेखन आणि भूमितीला द्यावेत. शाडूच्या गणपतीचा तासही याच दिवसांतला. दर मुलामागे अर्धा किलो माती धरावी, जोड पाणी लावून आणि दोन्ही बाजू ओरखडून करावेत, आणि मूर्ती उन्हात ठेवू नये. वरचा थर आधी आकसतो, आतली माती ओली राहते, मग सोंड गळून पडते.

वाळवायला वर्गाच्या भिंतीलगत दोरी आणि कपड्यांचे चिमटे. पाव ताव उभा टांगला तर २८ सेंटिमीटर जागा घेतो. साठ चित्रांना जवळपास १७ मीटर दोरी, म्हणजे सहा मीटरच्या तीन ओळी. पाण्याचं तळं असलेलं चित्र लगेच टांगू नये, ओघळतं. पाच मिनिटं आडवं ठेवून मग.

वस्तुचित्र: बांगडीने सुरुवात

शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी म्हटली की एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र आलंच, पण परीक्षा नसली तरी हा विषय सोडू नये. डोळ्यांनी बघून काढणं मुलं इथेच शिकतात.

वस्तू निवडताना नाशिकला चैन आहे. तांब्या-पितळेची भांडी घरोघर आहेत, जुन्या नाशकात तांबटांची कारागिरी आहे. तरीही घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्या मांडू नका. त्यात चार खिडक्या, दोन ट्यूब आणि साठ मुलं दिसतात. पाचवीच्या मुलाला त्यातून घाट शोधता येत नाही. माळ्यावरचा मळकट, काळवंडलेला तांब्या घ्या, जोडीला एक कांदा आणि एक वाटी. मागे एकरंगी कापड. फुलाफुलाची चादर टाकली तर मुलं फुलंच काढत बसतात.

साठ मुलांना एक मांडणी पुरत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला तांब्या अंगठ्याएवढा दिसतो आणि तो पुढच्याच्या वहीतून उतरवतो. स्टुलांवर चार मांडण्या कराव्यात, एकेकीभोवती पंधरा मुलं, अंतर दोन ते अडीच मीटर. स्टूल इतकं ठेंगणं हवं की बसलेल्या मुलाला भांड्याचं तोंड वरून दिसेल. टेबलावर मांडलं की तोंड नेमकं डोळ्यांच्या रेषेत येतं, नुसती आडवी रेघ दिसते, आणि मग मुलं आपल्या मनाचं काढतात.

इथेच बांगडी कामाला येते. मोठी बांगडी किंवा भरतकामाची रिंग आडवी धरून डोळ्यांच्या पातळीवर आणा: सरळ रेघ. हळूहळू खाली न्या: रेघ उघडत जाते, लंबवर्तुळ होतं. अगदी खाली, गुडघ्याशी: जवळपास वर्तुळ. मुलांनी हे स्वतःच्या हाताने करून बघायला हवं, नुसतं सांगून पोचत नाही. यातून नियम आपोआप निघतो: भांड्याचं तोंड चपटं दिसतं, तर त्याचा तळ त्याहून जास्त गोल, कारण तो डोळ्यांपासून अधिक खाली आहे. नव्वद टक्के मुलं तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ काढतात, कारण ‘तांब्या जमिनीवर सपाट बसतो’ हे त्यांना माहीत असतं. डोळा एक सांगतो, डोकं दुसरं. हात डोक्याचं ऐकतो.

दुसरी हमखास चूक लंबवर्तुळाच्या टोकांची. दोन कंस काढून टोकाला जुळवले की करंजी होते. तांब्याला करंजीचं तोंड नसतं. लंबवर्तुळाला कुठेही टोक येत नाही, दोन्ही बाजूंना ते वळतं. हात हवेत चार-पाच वेळा फिरवून मग तीच फेरी न थांबता हलकेच कागदावर उतरवायची. एकाच रेषेत नेमकं काढायचा हट्ट नको.

काढण्याचा क्रम सांगायचा झाला तर असा. आधी सगळ्या वस्तूंना मिळून एक चौकट, म्हणजे चित्र कागदाच्या कोपऱ्यात बोराएवढं होत नाही; कडेपासून तीन-चार बोटं जागा ठेवावी. मग प्रत्येक वस्तूचा उभा कणा. मग पेन्सिलने माप: हात कोपरात न वाकवता सरळ, एक डोळा बंद, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत तांब्याची रुंदी, आणि तीच उंचीत किती वेळा बसते ते मोजायचं. माप चुकलं की बहुतेक वेळा कोपर वाकलेलं असतं. त्यानंतर लंबवर्तुळं आणि सगळ्यांत शेवटी बाजूंचे बाक. मुलं बाजूंपासून सुरू करतात, म्हणून डावा खांदा वर आणि उजवा खाली येतो.

छायाप्रकाशाआधी वर्गाचा उजेड ठरवा. डावीकडच्या खिडक्या उघड्या, उजवीकडच्या बंद, ट्यूब बंद. दोन बाजूंनी उजेड आला की एका वस्तूला दोन सावल्या पडतात आणि मूल सोयीची निवडतं. सरावाच्या कागदाच्या कोपऱ्यात उजेडाच्या दिशेचा बाण काढायला लावावा. २बी पेन्सिलने हलक्या छटा, ४बी ने मध्यम, ६बी फक्त सर्वांत गडद जागी. ती जागा म्हणजे वस्तू जिथे टेकते तिथली बारीक फट. ती गडद झाली नाही तर कांदा हवेत तरंगतो. बोटाने घासून गुळगुळीत करणाऱ्यांना हळूच थांबवावं. छटा मऊ होते खरी, पण घाट निघून जातो, आणि बोटाचा तेलकट डाग परत खोडता येत नाही.

पोस्टर रंग

संकल्पचित्रात, म्हणजे परीक्षेतल्या नक्षीकामात, गुण जातात ते नक्षीपेक्षा रंग भरण्यात. पोस्टर रंग धिरड्याच्या पिठाइतका दाट हवा. पातळ झाला तर खालची पेन्सिल दिसते आणि पट्टे उठतात. बाटलीतून थेट थापला तर वाळल्यावर भेगा पडून खपल्या निघतात, विशेषतः कागद गुंडाळला की. पॅलेटवर घेतलेला रंग ब्रशने उचलून सोडला तर थेंब हळूच पडला पाहिजे. धार लागली तर पातळ, पडलाच नाही तर घट्ट.

मिश्र छटा लागणार असेल तेवढी एकदाच करून ठेवावी. साधारण सुपारीएवढा गोळा पाव तावावरच्या नक्षीला पुरतो. दुसऱ्यांदा केलेली छटा पहिलीशी कधीच जुळत नाही आणि डाव्या-उजव्या पाकळ्या वेगळ्या दिसतात. ओला रंग बघून निर्णय घेऊ नये. पोस्टर रंगात फिकट छटा वाळल्यावर थोडी गडद होते, गडद छटा थोडी फिकी. रद्दी कागदावर एक ठिपका, तो वाळू द्यायचा, मग चित्रावर.

भरताना बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक. शेजारचे दोन ओले भाग एकमेकांत शिरतात. आधी मोठ्या जागा, मग लहान. आणि नक्षीतला सर्वांत लहान आकार करंगळीच्या नखाहून लहान नको. सातवीतलं मूल शून्य नंबरच्या ब्रशने नाजूक वेलबुट्टी आखतं आणि वेळ संपते तेव्हा निम्मा कागद पांढरा असतो. ६ नंबरचा गोल ब्रश टोक धरत असेल तर बहुतेक काम त्यानेच होतं, सोबत २ नंबरचा.

शेवटी काळी आउटलाइन मारायची की नाही यावर शिक्षकांत दोन तट आहेत. आमच्या मते नको. कड स्वच्छ असेल तर तिची गरज नाही, आणि अस्वच्छ असेल तर ती चूक झाकायला मारलेली पट्टी आहे हे तपासणाऱ्याला लांबून कळतं.

वर्गाचे रंग सामाईक असतील तर पांढरा सगळ्यांत आधी संपतो. इतरांच्या तिप्पट आणावा. सुकलेल्या बाटलीत थोडंसं पाणी टाकून टोपण लावून रात्रभर ठेवावी आणि सकाळी काडीने ढवळावी. घाईत नळाखाली धरून भरली की वर रंगीत पाणी आणि खाली दगड राहतो.

परीक्षा साधारण पाऊस सरता सरता येते. हवा दमट असते आणि घरी पटकन वाळणारा रंग केंद्रावर वाळत नाही. सरावाचे दोन पेपर तरी ढगाळ दिवशी, वेळ लावून घ्यावेत. केंद्रावर कागद मिळतो. पाट, क्लिपा, पाण्याचा डबा, दोन फडकी, टोक केलेल्या चार पेन्सिली, कंपास पेटी हे आपलं आपण. पाण्याचा डबा विसरणारं एक तरी पोर असतंच. शिक्षकाच्या पिशवीत दोन जास्तीचे असावेत. इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या जादा गुणांना जोडलेली असल्याने पालक ऑगस्टमध्ये जागे होतात. पण लंबवर्तुळ ऑगस्टमध्ये सुरू करून येत नाही.

‘सर, मला माणूसच येत नाही’

स्मरणचित्रात हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं, आणि त्यामागून ‘तुम्हीच काढून द्या ना’. मुलाच्या कागदावर शिक्षकाने रेघ मारायची नाही, हा नियम स्वतःला घालून घ्यावा. खिशात पाठकोऱ्या चिठ्ठ्या ठेवाव्यात, तिथे काढून दाखवावं आणि चिठ्ठी परत खिशात. चिठ्ठी मुलाकडे राहिली की ती गिरवली जाते.

माणसासाठी डोकं हे माप. उभा प्रौढ माणूस साडेसात डोक्यांचा, आठ-दहा वर्षांचं मूल सहा डोक्यांचं. कंबरेखालचा भाग जवळपास निम्मा असतो. मुलं पाय आखूड आणि डोकं मोठं काढतात, म्हणून सगळी माणसं बाळसेदार दिसतात. आधी काडीमाणूस, त्याला कोपर आणि गुडघे, मग कपडे. एका मुलाला पुढे बोलावून हंडा उचलायची पोज द्यायला सांगा, वर्गाने दोन मिनिटं बघायचं, मग तो जागेवर बसल्यावर काढायचं. ‘स्मरण’ हा शब्द त्यासाठीच आहे.

गर्दीची चित्रं बिघडतात ती एकाच कारणाने: सगळी माणसं एका रेषेत, एका उंचीची, समोर बघणारी. इथे एक सोपी युक्ती आहे. जमीन सपाट असेल आणि बघणारा स्वतः उभा असेल, तर क्षितिजरेषा आडवी आखून जवळच्या आणि लांबच्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे त्याच रेषेवर ठेवायचे. लांबच्याचे पाय वर सरकतात, जवळच्याचे कागदाच्या तळाशी येतात, डोकी एका पातळीत राहतात. मुलांना हे जादूसारखं वाटतं. रविवार कारंजाचा चौक किंवा बसस्टँड या पद्धतीने लगेच जमतो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर मात्र नियम चालत नाही, कारण तिथे प्रत्येक माणूस वेगळ्या पातळीवर उभा; तो विषय नववीसाठी ठेवावा.

विषय देताना मुलांनी पाहिलेलंच द्यावं. ‘माझी समुद्रसफर’ दिलं तर दोन नारळाची झाडं आणि मावळता सूर्य येतो, पुस्तकातला. ‘रंगपंचमीची रहाड’ (रंगाच्या पाण्याने भरलेला जमिनीतला हौद) दिलं तर धप्पा मारणाऱ्याचे हवेतले पाय, काठावरची ढकलाढकली, गच्चीवरून बघणाऱ्या बायका, सगळं येतं. लासलगावकडच्या मुलांना कांद्याचा लिलाव द्या, येवल्याकडच्यांना पैठणीचा माग. सुरगाणा-पेठच्या वर्गात वारली शिकवायची असेल तर आधी मुलांना विचारा. एखाद्याच्या घरी लग्नाचा चौक प्रत्यक्ष लिहिला गेलेला असतो. तिथे शिक्षकाने शिकाऊ व्हावं. शहरातल्या मुलांची नेहमीची चूक म्हणजे वारली माणसाला नाक-डोळे काढणं आणि दोन त्रिकोणांची टोकं कंबरेत जुळवण्याऐवजी सांधा जाड करणं. कंबर जाड झाली की तारप्याच्या नाचातली सगळी लय जाते.

भूमितीला एवढंच सांगायचं की पहिल्या तासाला कंपास तपासा. सांधा ढिला असेल तर वर्तुळाची टोकं जुळत नाहीत आणि मूल स्वतःला दोष देतं. सुईचं टोक पेन्सिलीच्या टोकापेक्षा जरासं, मिलिमीटरभर, पुढे हवं. रचनारेषा एच पेन्सिलने, बारीक, आणि त्या खोडायच्या नाहीत.

अक्षरलेखनात शब्द डावीकडून सुरू करून शेवटी चेंगरतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागून एक पट्टी कापावी, तिच्यावर शब्द आधी लिहावा, पट्टीची मधली घडी कागदाच्या मध्यरेषेशी जुळवावी आणि अक्षरांच्या जागा खुणावून घ्याव्यात. अ, झ, ज, क्ष रुंद. र, ट, ड अरुंद. सगळ्यांना सारख्या चौकटी दिल्या तर ‘शाळा’ सुटी सुटी आणि ‘नाटक’ फाटका दिसतो. वेलांटी-मात्रांसाठी वर आणि उकारासाठी खाली अक्षराच्या निम्मी उंची मोकळी ठेवावी. ती विसरली की रफार चौकटीबाहेर जातो.

नोंदी, फलक आणि उचललेले तास

दहा तुकड्या आणि साठचा पट म्हणजे सहाशे मुलं. सत्राच्या शेवटी एकदम नोंदी करायला बसलं की सहाशे वेळा ‘छान चित्र काढतो’ लिहिलं जातं. आठवीपर्यंत कलेचं मूल्यमापन आकारिकच, म्हणजे वर्षभर बघून केलेलं असतं, लेखी पेपर नाही, तेव्हा नोंद हाच पुरावा. दर तासाला फक्त दहा मुलं बघायची, हजेरीच्या क्रमाने, आणि प्रत्येकाची एक ओळ: ‘तळाची गोलाई जमली, रंग पातळ’, ‘माप न घेता काढते, छटा चांगल्या’. सहा तासांत वर्ग पुरा होतो. अशी ओळ पुढच्या वर्षी वाचली तरी मूल डोळ्यांसमोर येतं.

फलकलेखन कलाशिक्षकाच्याच गळ्यात पडतं, ३ जानेवारीला सावित्रीबाई, २६ ला प्रजासत्ताक, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. रंगीत खडू उठून दिसायला अर्ध्या वाटी पाण्यात दोन-तीन चमचे साखर विरघळवून खडू दहा मिनिटं बुडवावा आणि ओला असतानाच वापरावा. रंग गडद बसतो, शर्ट लागला तरी पुसत नाही. दोन अडचणी: पुसायला ओलं फडकं लागतं आणि मुंग्या येतात. हिरव्या गुळगुळीत फळ्यावर आधी कोपऱ्यात करून बघावं, काही फळे डाग धरतात. मोठी चित्रं थेट फळ्यावर काढू नयेत. मूळ चित्रावर चौकटी आखून तेवढ्याच चौकटी फळ्यावर आखाव्यात, आणि हे काम नववीच्या दोन-तीन मुलांना शिकवून ठेवावं, म्हणजे आपल्या तासावर गदा येत नाही.

तास उचलले जातात ते सहामाहीच्या आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर: ‘आज जरा तुमचा तास द्या ना, भूमिती राहिलीय.’ भांडण्यात अर्थ नाही, पण तोंडी देऊ नये. बदलाची नोंद वहीत करून त्याच तुकडीचा त्या विषयाचा पुढचा तास मागून घ्यावा. दोन-तीनदा वही पुढे केली की मागण्या निम्म्याने कमी होतात. उलट गैरहजर शिक्षकाच्या बदली तासाला मात्र पहिलं नाव कलाशिक्षकाचं असतं. त्यासाठी सामान न लागणारं काम तयार असावं: कागदाकडे अजिबात न बघता स्वतःचा डावा हात काढणं, एका रेषेत शेजाऱ्याचा चेहरा, वर्गाची खिडकी तिच्या गजांसकट. पेन्सिल आणि पाठकोरा कागद पुरतो.

एप्रिलमध्ये वर्गाची पेटी बंद करण्याआधी ब्रश साबणाने धुऊन, साबणाचाच जरा हात लावून टोकं जुळवून आडवे ठेवावेत. डब्यात टोकावर उभे राहिलेले ब्रश जूनपर्यंत वाकडे होतात आणि सरळ होत नाहीत. पोस्टर रंगाच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्यावर टोपण घट्ट लावावं, कारण मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या कपाटातली बाटली आतल्या आत सुकते. तेलखडू त्या कपाटात ठेवू नयेत, वितळून एकमेकांना चिकटतात. आणि श्रीखंडाचे डबे झाकणांसकट मोजून ठेवावेत. सुट्टीत ते कोणाच्या तरी घरी जातात.